नोकरी शाबूत, तब्येत धोक्यात

कंपनी विकली जाणार, दुसऱ्या कंपनीत विलीन होणार किंवा कारखाना दुसऱ्या राज्यात हलणार, अशी कुणकुण लागली की कर्मचाऱ्यांमध्ये चर्चा सुरू होते ती पगाराची, बदलीची आणि भरपाईची. ती व्हायलाच हवी. पण याच काळात अनेकांची झोप उडते, छातीत धडधडते, पित्त वाढते, आटोक्यात असलेला रक्तदाब किंवा साखर पुन्हा वर जाते. रुग्णालयात तपासण्या होतात, गोळ्या वाढवल्या जातात. ‘सध्या कामावर काय चाललं आहे?’ एवढा साधा प्रश्न मात्र गर्दीच्या ओपीडीत बहुधा राहून जातो.

गेल्या काही वर्षांत अशा उलथापालथी आपल्याकडे नव्या राहिलेल्या नाहीत. जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. या निर्णयांची चर्चा ताळेबंदाच्या अंगाने भरपूर झाली. तिथे काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या अंगाने फारच थोडी.

परदेशात मात्र याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा ‘व्हाइटहॉल’ नावाचा दीर्घ अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. त्यात दहा हजारांहून अधिक कर्मचारी होते. पुढे त्यांच्यापैकी एका खात्याचे खासगीकरण होणार असे ठरले आणि संशोधकांना तुलनेची संधी मिळाली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्या खात्यातील कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या प्रकृतीबद्दल केलेल्या तक्रारी इतर खात्यांच्या तुलनेत वाढल्या होत्या, आणि तेही कोणाची नोकरी जाण्याच्या आधी. म्हणजे नोकरी जाण्याआधीच, ‘आपले काय होणार’ या टांगणीनेच प्रकृतीवर परिणाम होऊ लागला होता.

दुसरा अभ्यास फिनलंडचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मोठी मंदी आली आणि नगरपालिकांनी कर्मचारी कमी केले. दहा शहरांतील सुमारे २२ हजार कर्मचाऱ्यांची माहिती तपासली गेली. ज्यांची नोकरी टिकली, त्यांचीच ही माहिती होती. जिथे मोठी कपात झाली, तिथे मागे राहिलेल्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण, कपात न झालेल्या ठिकाणांच्या सुमारे दुप्पट आढळले. अशा निरीक्षणांवरून कारण आणि परिणाम यांचे नाते पक्के सिद्ध होत नाही. तरीही ‘तुझी नोकरी तर वाचली, मग काळजी कसली?’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. जाणाऱ्यांचे काम राहणाऱ्यांच्या अंगावर पडते. ‘पुढचा नंबर आपला’ ही धास्ती असते ती वेगळीच.

असे का होते? संकट आले की शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो. ही व्यवस्था थोड्या वेळाच्या धोक्यासाठी आहे. धोका केव्हा येणार आणि येणार की नाही हेच कळले नाही, तर ती महिनोन्महिने जागी राहते. लंडनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये एका प्रयोगात स्वयंसेवकांना विजेचे सौम्य झटके दिले. झटका बसणारच हे ठाऊक असताना लोकांना जेवढा ताण आला, त्याहून अधिक ताण ‘बसेल किंवा नाही बसेल’ अशा निम्म्या-निम्म्या शक्यतेच्या वेळी आला. वाईट बातमीपेक्षा अधांतरी ठेवणे शरीराला जड जाते, ते असे.

म्हणून कंपनी बदलत असताना माहिती देणे ही केवळ सौजन्याची बाब नाही. ते आरोग्यरक्षणाचे काम आहे. निर्णय कोणत्या तारखेला कळेल, कोणते विभाग राहतील, शंका कोणाला विचारायच्या, हे व्यवस्थापनाने लेखी सांगावे. काही ठरलेले नसेल, तर तेही स्पष्ट सांगावे. माणसे कमी केली तर कामही कमी करावे. फ्रान्समध्ये एका बड्या दूरसंचार कंपनीने २००६ नंतर २२ हजार पदे कमी करण्यासाठी कर्मचाऱ्यांना ज्या रीतीने हैराण केले, त्याच्या परिणामांत आत्महत्याही होत्या. २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखांना दोषी ठरवले. कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याची जबाबदारी संचालकांच्या दारापर्यंत जाते, हे त्या निकालाने दाखवले.

कर्मचाऱ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. चालू औषधे या काळात मुळीच बंद करू नयेत. रक्तदाब आणि साखर अधूनमधून तपासावी. छातीत दुखले तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून घरी थांबू नये. आधी ईसीजी काढावा. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नये. कंपनीचा आरोग्यविमा कोणत्या दिवशी संपतो आणि त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येईल का, हे मुदतीआधी विचारून घ्यावे. घरच्यांपासून गोष्ट लपवू नये. जगणे नकोसे वाटू लागले तर क्षणभरही एकटे राहू नये; सरकारच्या ‘टेली-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या मोफत सेवेवर रात्री-अपरात्रीही बोलता येते.

कंपन्या बदलणारच, बाजाराला ते टाळता येत नाही. पण हस्तांतरणाच्या करारात यंत्रे, जमीन आणि कर्जे यांची मोजदाद होते, तशी तिथल्या माणसांच्या प्रकृतीचीही व्हायला हवी. आधी आणि नंतर आरोग्य तपासणी, मोकळेपणाने बोलायला समुपदेशक आणि वेळेवर खरी माहिती, इतके करायला कोणत्याही कंपनीला फार मोठा खर्च येत नाही. ते न केल्याची किंमत मात्र कर्मचाऱ्याचे हृदय मोजते आणि पुढे सरकारी रुग्णालयाची खाट.