सुटीचे वेळापत्रक

चकलीचा घाणा अजून कढईत, आणि मी मेमधल्या मालवण-मुक्कामाचे वेळापत्रक आखायला बसलो! आम्हा प्राध्यापकांचे ते व्यसनच. सोमवारी सिंधुदुर्ग : कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला, भोवती खारा समुद्र, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. मंगळवारी तारकर्ली, बुधवारी देवबाग...

"अहो, यात मी नुसती कधी बसायची?" हिने झारा थांबवून विचारले.

बावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला सुचलाच नव्हता! मुकाट्याने मंगळवार-बुधवार खोडले. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक सकाळ किल्ल्याची. बाकी सारे दिवस समुद्राचे, आणि दोन्ही वेळचे जेवण खाणावळीचे!