कलप ज्याचा त्याचा, माहिती मात्र सर्वांची

आपल्या देशात केसांच्या रंगाची चर्चा बहुधा नीतीच्या अंगणात होते. महाविद्यालयीन मुलीने एखादी बट जांभळी केली की तिचे संस्कार निघतात. पन्नाशीच्या गृहस्थाने मिशीला कलप लावला की त्याच्या हौसेची थट्टा होते. आणि एखाद्या स्त्रीने पांढरे केस तसेच राहू दिले, तर ‘स्वतःकडे लक्ष नाही’ असा शेरा मिळतो. या तिन्ही शेऱ्यांना विज्ञानाचा आधार नाही. केसाचा दिसणारा भाग निर्जीव प्रथिनाचा असतो. त्याचा रंग कोणता असावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु निवड खऱ्या अर्थाने स्वतंत्र होण्यासाठी निवडणाऱ्यापाशी खरी माहिती असावी लागते, आणि नेमकी तीच त्याच्यापर्यंत क्वचित पोहोचते.

पहिला गैरसमज खोक्यावरील चित्रापासून सुरू होतो. केसांतील रंगद्रव्य प्रकाश निर्माण करत नाही. ते प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि उरलेला डोळ्यांपर्यंत पोहोचतो. भारतीय केसांत सामान्यतः युमेलॅनिन हे गडद रंगद्रव्य विपुल असते आणि ते दृश्य प्रकाशाचा बहुतांश भाग शोषते. अशा केसावर निळा रंग चढवला, तरी परतण्यासाठी फारसा प्रकाशच उरत नाही. म्हणून निळ्या किंवा सोनेरी छटेसाठी आधी ब्लीच करून मूळ मेलॅनिन नष्ट करावे लागते. त्या क्रियेत केराटिनला बळकटी देणारे गंधकाचे बंधही काही प्रमाणात तुटतात आणि केस राठ व ठिसूळ होतात. फिकट केसांच्या व्यक्तीला सहज मिळणाऱ्या छटेसाठी काळ्या केसांना अधिक किंमत मोजावी लागते. जाणूनबुजून ती मोजण्यात काहीच गैर नाही; खोक्यावरील चित्र मात्र तिच्याविषयी मौन पाळते.

काळ्या कलपाची गोष्ट आणखी गंभीर आहे. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किनने अ‍ॅनिलिनपासून जांभळा रंग बनवला आणि कृत्रिम रंगांच्या उद्योगाची पायाभरणी झाली. अ‍ॅनिलिनच्याच कुळातील पॅराफेनिलीनडायअमीन, अर्थात पीपीडी, किंवा त्याचे जवळचे भाईबंद आज बहुतेक टिकाऊ गडद कलपांत असतात. अमोनियासारखे आम्लारिधर्मी द्रव्य केस फुगवून त्यावरील खवले उघडते, रंगहीन लहान रेणू आत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांचे ऑक्सिडीकरण करते आणि ते एकमेकांशी जोडले जाऊन मोठे रंगीत रेणू बनतात. हे मोठे रेणू सहज बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग धुऊन जात नाही. ‘अमोनियारहित’ या शब्दाने ग्राहक निश्चिंत होतो. प्रत्यक्षात अमोनियाच्या जागी दुसरे आम्लारिधर्मी द्रव्य असू शकते आणि पीपीडी जागच्या जागी राहते.

‘काळी मेंदी’ हा तर शब्दांचाच खेळ आहे. राजस्थानातील सोजतची असो वा परसातली, मेंदीच्या पानातील रंगद्रव्य एकच: लॉसोन. ते केराटिनशी बांधले जाते आणि नारिंगी-तांबडी छटा देते. काळा रंग देणे त्याच्या गुणधर्मातच नाही. निळीच्या पानांची भर घालून गडद रंग मिळवता येतो, पण त्याला वेळ व खटपट लागते. काही मिनिटांत काळेभोर करणाऱ्या ‘मेंदी’त पुष्कळदा पीपीडीच असते.

कलप वापरणाऱ्या बहुसंख्य लोकांना त्रास होत नाही, हे खरे. परंतु ज्यांच्या शरीरात पीपीडीची अ‍ॅलर्जी निर्माण होते, त्यांच्यात ती सहसा जन्मभर टिकते. अनेक वर्षे निर्वेध वापर झाल्यानंतरही ती उद्भवू शकते. आधी किरकोळ खाज, आणि पुढल्या वेळी पापण्या व चेहरा सुजणे. म्हणूनच असे कलप त्वचेवर आधी चाचणी करून वापरावेत आणि भुवया व पापण्यांना लावू नयेत, ही सूचना इंग्रजीत व स्थानिक भाषांत छापण्याची तरतूद भारतीय नियमांत आहे. पण सलूनमध्ये ग्राहकासमोर येतो तो वाटीत कालवलेला रंग. सूचनेचे खोके आतल्या फळीवरच राहते.

त्या वाटीमागचा माणूस तर चर्चेत कधीच नसतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात केशरंगांचा वैयक्तिक वापर ‘वर्गीकरण करता येत नाही’ अशा गटात ठेवला. केशकर्तन व्यवसायातील लोकांचा कामानिमित्त येणारा संपर्क मात्र ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात गेला. कुणी महिन्यातून एकदा हौस करतो, कुणाचे हात दिवसभर त्याच रसायनात असतात. हातमोजे आणि खेळती हवा हा त्यांचा हक्क आहे, ग्राहकाने केलेला उपकार नव्हे.

तेव्हा कुणी कोणता रंग लावावा, या वादात समाजाने शक्ती खर्चू नये. ‘नैसर्गिक’ आणि ‘हर्बल’ म्हणताना खोक्यात काय आहे, हे मोठ्या अक्षरांत व वाचता येईल अशा भाषेत लिहिले जावे. सलूनमध्ये रंग कालवण्याआधी खोके ग्राहकाच्या हाती दिले जावे. आणि रसायनशास्त्राच्या तासाला ऑक्सिडीकरण शिकवताना घराघरांत असलेले हे उदाहरण विद्यार्थ्यांसमोर यावे. जांभळी बट, काळी मिशी आणि पांढरा अंबाडा या तिन्ही निवडी सारख्याच सन्मानाच्या आहेत. तिन्हींच्या मागे माहिती असावी, एवढाच विज्ञानाचा आग्रह आहे.