समुद्र बघायचे पैसे

आई-बाबा पहिल्यांदाच परदेशात आलेले, त्यात बाबा मूळचे मालवणचे. म्हटलं, इंग्लंडला आणून ह्या माणसाला समुद्र नाही दाखवला तर काय दाखवलं? लंडनहून ट्रेनने साधारण तासाभरात ब्रायटन. १८९९ साली उघडलेला पॅलेस पिअर, जळून गेलेल्या वेस्ट पिअरचा पाण्यात उभा सांगाडा, सगळं यथासांग बघून झालं. किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे, ह्याचं बाबांना भारी आश्चर्य. आणि मग जेवण.

किनाऱ्यालगतचं हे रेस्टॉरंट मी आठवडाभर आधी शोधून ठेवलं होतं. रिव्ह्यू चांगले होते हो! (नंतर परत वाचले तेव्हा कळलं, निम्म्याहून जास्त रिव्ह्यूंमध्ये नुसता व्ह्यूच होता.) फिश अँड चिप्स, एका ताटाचे १८ पौंड. बाबांनी मनातल्या मनात गुणाकार केलेला मला दिसला. ते काही बोलले नाहीत.

कॉडचा तुकडा आला तो तळून बराच वेळ दिव्याखाली ठेवलेला असावा. वरचं आवरण मऊ पडून तेल सोडत होतं, आतला मासा कापसासारखा. सोबत वाटाण्याचा हिरवा लगदा, म्हणजे उसळ शिजत ठेवून कोणीतरी विसरून गेल्यासारखा. बाबांनी काट्याने मासा उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "काटे खंय गेले?" मग पूर्ण ताट संपवून म्हणाले, "बरा आसा." माझे पैसे वाया गेले असं मला वाटू नये म्हणून. ते 'बरा आसा' अजून घशात अडकलंय.

आता कोणी म्हणेल, ताजा मासा नसेल. तर तसं नाही. इंग्लंडमध्ये खाल्ला जाणारा बहुतेक कॉड आइसलँड, नॉर्वे, बॅरेंट्स समुद्राकडून येतो, पुष्कळदा बोटीवरच गोठवलेला, आणि तो उत्तम असतो. म्हणजे खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राचा आणि ताटातल्या माशाचा तसा संबंधच नाही! दोष माशाचा नव्हता, आळसाचा होता.

माझं मत विचाराल तर हा सरळ हिशोब आहे. मालवणच्या बाजारातल्या खानावळीत आज तिकलं बिघडलं तर समोरच्या बँकेतला कारकून उद्या येणार नाही, आणि का आला नाही हे गावभर सांगेल. इथे मी उद्या तसाही येणार नव्हतो. उद्याच्या ट्रेनने दुसरा कोणीतरी 'मी' येणार, आई-बाबांना घेऊन. फीडबॅक लूपच नाही म्हटल्यावर सिस्टिम सुधारणार कशी? गोऱ्यांनाच नावं ठेवायला नकोत, गोव्यात बीचवर आपण वेगळं काय खातो?

पण चिडलो तो स्वतःवर. आईच्या पर्समध्ये घरच्या मसाल्याची डबी होती. तिने ती अर्धी बाहेर काढली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत टाकली. कारण सकाळी ट्रेनमध्ये मीच बजावलं होतं, "तिथे ते डबी वगैरे काढू नकोस, बरं दिसत नाही." १८ पौंडांत बेचव खाणं बरं दिसतं, नाही का?

आणि वेटर "सगळं ठीक ना?" विचारायला आला तेव्हा मीही तोंडभर हसून "लव्हली" म्हणालो. वर टिपसुद्धा ठेवली!

दोन दिवसांनी आमच्या गल्लीतल्या साध्या चिप शॉपमधून हॅडक आणला. टेबल नाही, समुद्र नाही, कागदात गुंडाळलेला, समोर तळलेला, हात भाजेल इतका गरम. रांगेत सगळी आसपासचीच माणसं. घरी येऊन कागद उलगडला, आईने डबी काढली, आणि पहिला हात मी पुढे केला. बाबांनी ह्यावेळी काहीच मत दिलं नाही. फक्त विचारलं, "अजून एक आणतंस?"