पडद्यावर हात कुठे असतो?

बेलापूरला सकाळच्या लोकलमध्ये शिरावे, बसायला जागा मिळाली तर देवाचे आभार मानावेत आणि समोर पाहावे. चार जण गुडघ्याला गुडघा लावून बसलेले असतात, मध्ये एक मोबाइल आडवा धरलेला असतो आणि त्यावर लुडो रंगलेला असतो. वाशीची खाडी केव्हा मागे पडली, याचा त्यांना पत्ता नसतो.

लुडोचे पेटंट १८९६ साली इंग्लंडमध्ये घेतले गेले खरे, पण रक्ताने तो आपला पचिसीच. खंडोबा आणि म्हाळसा ज्या सारीपाटावर बसले, त्याच घराण्यातला. आणि गंमत अशी, की तो मोबाइलवर आणणाऱ्यांतले एक ठळक नाव आपल्या शेजारचेच आहे. विकाश जयस्वाल यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीने २०१६ साली 'लुडो किंग' काढला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोचला. तेव्हा पट पडद्यावर मांडताना काय सांभाळावे, हा प्रश्न आपल्या गावचाच आहे. तो केवळ इंजिनियरांचा आहे, असे मात्र मला वाटत नाही.

माझ्या मनात हा प्रश्न आजीमुळे आला. टाळेबंदीत ती पेणला एकटी आणि आम्ही इथे बेलापूरला. रोज संध्याकाळी फोनवर एकत्र खेळायचे ठरले. आम्ही घेतलेला खेळ निराळाच होता, त्याचे नाव आज आठवायलाही नको. पहिल्याच दिवशी आजीचे प्रश्न सुरू झाले. "अगं, आता कुणाचे दान?" "माझी सोंगटी इथे होती, ती गेली कुठे?" "हे मध्येच कसले चित्र आले?" लाल आणि हिरव्या सोंगट्यांतला फरक काकांना कळेना, ते वेगळेच. चौथ्या दिवशी आजी म्हणाली, "तुम्हीच खेळा बाई. मला काही हे जमायचे नाही."

वाचकहो, ज्या बाईने आयुष्यभर साऱ्या घराला पटावर हरवले, तिला खेळ जमत नाही? त्या वेळी आम्हीही मान डोलावली. वय झाले, म्हटले. हाच आमचा अन्याय होता.

पुढे वाटा मोकळ्या झाल्यावर पेणला गेलो. आजीने ट्रंकेतून जुना कापडी पट काढून जमिनीवर पसरला. मी खेळले थोडे आणि पाहिले जास्त. चार बाजूंना चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात तीन रांगा आणि रांगेत आठ घरे, म्हणजे एकूण ९६ घरे. ज्या घरात सोंगटी मारता येत नाही, तिथे फुली. एक अक्षर लिहिलेले नाही, तरी पोराटोरांना सारे समजते. कवड्या ज्याच्या मुठीत, त्याची पाळी. आजी सोंगटी उचलायची, घरे मोजत मोजत पुढे न्यायची आणि मारलेली सोंगटी उचलून समोरच्याच्या हातात द्यायची. काय झाले, कसे झाले, हे विचारायची वेळच येत नव्हती. सगळे काही तो हात सांगत होता.

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पडद्यावर हात नसतो. सोंगट्या आपोआप सरकतात, दान आपोआप पडते. हाताबरोबर हाताने सांगितलेल्या गोष्टीही जातात. पडद्याची मांडणी करणाऱ्याचे काम एवढेच, की हरवलेल्या हाताचे काम पडद्याकडून करून घ्यावे. त्याहून कमी नको आणि जास्तही नको.

म्हणजे काय? फासा ज्याची पाळी त्याच्याच कोपऱ्यात दिसावा. जी सोंगटी हलू शकते, तिनेच जराशी खूण करावी. सोंगटीने उडी न मारता घराघराने चालावे, म्हणजे मोजणारा तिच्याबरोबर मोजील. मेलेली सोंगटी नाहीशी न होता सर्वांदेखत घरी परतावी. भिडू केवळ रंगाने ओळखायचे नसावेत, आकाराचीही खूण असावी. लाल-हिरव्यात गफलत होणारे काही थोडेथोडके नसतात आणि पुरुषांत हा दोष बायकांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. आणि डाव चालू असताना पटावर काहीही येऊन बसू नये. जाहिरात नको, शाबासकी नको, नाण्यांचा पाऊसही नको. घरच्या पटावर कुणी पाय दिला, तर आपण काय म्हणतो?

यावर एक मित्र म्हणाला, "असा साधा खेळ विकत कोण घेईल? चकचकाट हवाच." मला हे पटत नाही. आजीचा पट काही ओकाबोका नव्हता. त्यावर वेलबुट्टी होती, काठ होता. पण ती वेलबुट्टी घरांच्या आड येत नव्हती. सुंदर असणे वेगळे आणि मध्ये मध्ये करणे वेगळे.

याचा दाखला आपल्या बेलापुरातच आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी कलाग्रामची वसाहत आखली. तिथे सात सात घरे एकेका छोट्या अंगणाभोवती बसवली आहेत. सार्वजनिक रस्ता कुठे संपला आणि शेजाऱ्यांचे अंगण कुठे सुरू झाले, हे सांगायला पाटी लागत नाही. पाऊल आपोआप हळू होते. उत्तम रचना अशी न बोलता सांगते.

आता आपल्याविषयी. संगणक म्हटला की कला शाखेचे आपण दोन पावले मागे सरतो. पण पाळी कुणाची हे चटकन कसे कळते, हा मानसशास्त्राचा प्रश्न नाही का? बटनावर 'चाल मागे घ्या' लिहावे की नुसता बाण काढावा, हा भाषेचा नाही का? आजीला फोन बाजूला ठेवावा लागतो, हा समाजशास्त्राचा नाही का? यंत्र चालवणारे पुष्कळ आहेत. त्या यंत्रापुढे बसलेले माणूस पाहणारे थोडे आहेत, आणि ते पाहायलाच तर आपण तीन वर्षे शिकतो.

आजीला खेळ जमत नव्हता असे नाही. खेळ मांडणाऱ्याला आजी दिसली नव्हती. पुढचा पट आपल्यापैकी कुणी मांडील, तेव्हा ती दिसावी, एवढेच मागणे.