डलहौसी पाहिले, चंबा राहिले

१/ हिमाचलच्या सहलीत मराठी प्रवाशाचा डलहौसीला दोन रात्री मुक्काम असतो, खज्जियारला एक दुपार असते आणि चंब्याला चहापुरती थांबलेली गाडी असते. परतल्यावर तो सांगतो, 'चंबा झाले.' हा धागा त्या 'झाले' या शब्दाविरुद्ध आहे.

२/ प्रथम नावांचा हिशेब. लॉर्ड डलहौसी १८४८ ते १८५६ या काळात गव्हर्नर जनरल होता. त्याच्या कारकिर्दीत १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर ही दोन मराठी राज्ये औरस वारस नसल्याच्या सबबीवर खालसा झाली. नागपूरकर भोसल्यांच्या जडजवाहिराचे लिलाव झाले. हे मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते.

३/ त्याच सुमारास, १८५३ मध्ये, कंपनी सरकारने चंबा संस्थानाकडून पाच टेकड्या घेतल्या. मोबदला होता वार्षिक खंडणीत २,००० रुपयांची सूट. गोऱ्या सैनिकांना व अधिकाऱ्यांना मैदानी उन्हाळ्यापासून आराम मिळावा, हा हेतू. त्या टेकड्यांवर वसलेल्या गावाला सातारा बुडविणाऱ्याचे नाव मिळाले आणि आज साताऱ्याचाच माणूस तेथे 'ब्रिटिशकालीन वारसा' पाहावयास जातो.

४/ आता चंबा. रावीच्या काठी, इ. स. ९२० च्या सुमारास राजा साहिलवर्मा याने भरमौरहून राजधानी येथे आणली. कल्हणाची राजतरंगिणी सांगते की, १०८७-८८ च्या हिवाळ्यात काश्मीरच्या राजा कलशाच्या दरबारी जे आठ पहाडी राजे जमले, त्यांत चंप्याचा आसट होता. डलहौसी गाव जन्माला येण्यापूर्वी सुमारे सातशे वर्षे हे नगर इतिहासग्रंथात नोंदले गेले होते.

५/ गावाला पाणी मिळावे म्हणून साहिलवर्म्याच्या राणीने प्राण दिले, अशी कथा येथे सांगतात. ती शिलालेखाने सिद्ध होत नाही. पण तिच्या स्मरणार्थ आजही सूही मातेची जत्रा भरते आणि ती स्त्रियांची व मुलांची मानली जाते. राजांच्या वंशावळीत न मावलेली स्मृती लोकांनी अशी सांभाळली.

६/ लक्ष्मीनारायण मंदिरसमूहात सहा दगडी शिखरमंदिरे एका ओळीत उभी आहेत. शैली मैदानातील नागर. परंतु शिखरांवर छत्रीसारखी छपरे आहेत, बर्फ व पाऊस अंगावर झेलण्यासाठी. मैदानातून आलेली कला पहाडाने स्वतःच्या हवेप्रमाणे कशी बदलून घेतली, हे येथे मान वर करताच समजते.

७/ चंब्याहून सुमारे ६५ किलोमीटरवर भरमौर ही जुनी राजधानी. सातव्या शतकाच्या अखेरीस राजा मेरुवर्मा याने तेथे लक्षणादेवी, गणेश व नंदी आणि वाटेवरील छतराडी येथे शक्तिदेवी अशा धातुमूर्ती करविल्या. त्यांवरील लेखांत राजाबरोबर कारागिराचेही नाव आहे : गुग्ग.

८/ या नावापाशी थांबले पाहिजे. वेरूळचे कैलास कोरणारे हात बहुतांशी अनामिक राहिले. येथे मात्र शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापूर्वी सुमारे हजार वर्षे एका कारागिराचे नाव राजाच्या नावाशेजारी धातूत कोरले गेले आणि ते आजही वाचता येते. डलहौसीचे नाव सर्वांना पाठ, गुग्गाचे कोणाला?

९/ चंब्यातील भूरीसिंह संग्रहालय १९०८ मध्ये सुरू झाले. डच पुराविद फोगेल यांनी या संस्थानातील लेखांचा अभ्यास करून १९११ मध्ये त्यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. ताम्रपट, शारदा लिपीतील शिळा, पहाडी चित्रे आणि दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा भरतकामाचा 'चंबा रुमाल' : एवढे वैभव एका छताखाली. बाहेर मात्र गाडीचा चालक हॉर्न वाजवीत असतो.

१०/ चंब्याच्या मुलखात पाणवठ्यांवर कोरीव शिळा उभारण्याची रीत होती. देवी-री-कोठी येथील बाराव्या शतकातील लेखात बल्हा नावाच्या विधवेची हकिकत आहे. पतीमागे सती जाण्यापासून तिला पुत्रांनी परावृत्त केले. पुढे तिने व्रतस्थ आयुष्य काढले आणि पतीच्या पुण्यार्थ पाणवठा बांधविला. मध्ययुगीन स्त्रीजीवनाचा असा दस्तऐवज सहलीच्या पत्रकात का नसतो?

११/ कारण पत्रकात 'मिनी स्वित्झर्लंड' असते. १९९२ मध्ये स्विस राजनैतिक अधिकाऱ्याच्या हस्ते खज्जियारला ही उपाधी मिळाली. ज्या खज्जीनागामुळे त्या जागेला नाव मिळाले, त्याचे लाकडी मंदिर कुरणाच्या कडेलाच उभे आहे. पर्यटक फलकासमोर छायाचित्र घेतो. फलक त्याला स्वित्झर्लंडचे अंतर सांगतो, नागाचे मंदिर मागे राहते.

१२/ आक्षेप येईल : 'सुटीत माणूस विश्रांतीसाठी जातो, परीक्षा देण्यासाठी नव्हे.' मान्य. देवदारांखाली निवांत बसण्यात गैर काही नाही. पण तोच प्रवासी त्याच सहलीत इंग्रजांची चर्च हौसेने पाहतो. म्हणजे कंटाळा इतिहासाचा नाही. कोणता इतिहास पाहण्याजोगा, हे त्याच्यासाठी आधीच कोणीतरी ठरविले आहे.

१३/ दुसरे टोक म्हणजे 'डलहौसीचे नाव बदला' ही अधूनमधून उठणारी मागणी. पाटी बदलणे सोपे आहे. परंतु नवी पाटी लावूनही चंब्याला वीसच मिनिटे मिळणार असतील, तर बदलले काय? विस्मरणावर नामांतर हा उपाय नव्हे. तेथे जाऊन पाहणे हा आहे.

१४/ उपाय साधा आहे. डलहौसीची एक रात्र कमी करावी. एक दिवस चंब्याच्या मंदिरांना व संग्रहालयाला द्यावा, दुसरा छतराडी-भरमौरला. रस्ता डोंगरी आहे, म्हणून पहाटे निघावे. लक्षणादेवीसमोर उभे राहून पादपीठावरील अक्षरांकडे पाहावे. ती वाचता आली नाहीत तरी चालेल; ती कोणाच्या हातची आहेत, एवढे ठाऊक असावे.