घरातील कारखाना : उभ्या यंत्रावरचे कातकाम

वरवंड (तालुका दौंड) येथील आमच्या एका वयोवृद्ध वाचकांनी या खेपेस जी विचारणा केली आहे, ती अनेक कुटुंबांच्या उपयोगाची असल्यामुळे या महिन्याचे सदर तिच्याच विचारास देत आहोत. त्यांचे घर एकत्र कुटुंबाचे, शेती उसाची. पंपाच्या व अवजारांच्या डागडुजीसाठी गोठ्यालगतच्या पडवीत विजेवर चालणारे, भोके पाडण्याचे उभे यंत्र बसविलेले आहे. हल्ली त्यास सर्वत्र ड्रिल मशीन असेच म्हणतात. नातू यंदा दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाला. धाकट्या बहिणीच्या भातुकलीसाठी लाकडी पोळपाट-लाटणे आणि स्वतःसाठी एक भोवरा या यंत्रावर कातून काढावा, असे त्याने मनावर घेतले आहे. त्यावरून घरात तीन मते पडली. आजींचे म्हणणे, मुलाने फिरत्या यंत्राजवळ जाऊच नये. काकांचे म्हणणे, हौसच असेल तर चांगला लेथ विकत आणावा. मुलाचे म्हणणे असे की, लेथवर लाकूड आडवे फिरते, येथे ते उभे फिरेल. एवढ्याने काय बिघडते? निवाडा आजोबांनी आमच्यावर सोपविला आहे.

प्रथम मुलाच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते बोलू. भोक पाडणे आणि लाकूड कातणे या दोन कला सख्ख्या बहिणी आहेत. आमच्या सुतारांचा जुना सामता पुष्कळांनी पाहिला असेल. धनुष्यासारख्या कमानीची दोरी त्याच्या दांड्याभोवती एक वेढा देऊन पुढे-मागे ओढली म्हणजे टोकाचे पाते फिरते व भोक पडते. अशा रीतीने भोक पाडण्याची विद्या या खंडात फार प्राचीन आहे. आज पाकिस्तानात असलेल्या मेहेरगढ येथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचे, गारगोटीच्या टोकाने कोरलेले मनुष्याचे दात सापडल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. आता त्याच दोरीचा वेढा पात्याच्या दांड्याऐवजी लाकडाच्या तुकड्याला द्यावा, तुकडा दोन टोकांमध्ये धरावा व पाते हाती स्थिर ठेवावे, झाले कातकाम! आमचे कातारी पिढ्यान्‌पिढ्या असेच काम करीत आले. जमिनीवर बसावयाचे, जोडीदाराने दोरी ओढावयाची, आणि हाताच्या जोडीला पायाच्या बोटांनी पटाशी आवरावयाची. लाकूड एकदा पुढे व एकदा मागे फिरे, म्हणून हत्यार अर्ध्याच वेळी कापी. असे असूनही पाळण्याचे खुळखुळे, पलंगांचे पाय व देव्हाऱ्यांचे खांब यांतून जी गोलाई उतरली, तिच्यावरून मराठी भाषेने रेखीव वस्तूस ‘कातीव’ हे विशेषणच देऊन टाकले.

आडवे आणि उभे यांतही तत्त्वतः भेद नाही. कुंभाराच्या चाकाचा कणा उभाच असतो, आणि त्यावर मडके काही वाकडे होत नाही. तेव्हा मुलाचे अनुमान निम्मे बरोबर आहे. उरलेले निम्मे त्याने लक्षात घेतलेले नाही, आणि आजींची भीती नेमकी त्या निम्म्यावर उभी आहे.

यंत्र कोणता भार सोसण्यासाठी घडविले आहे, हा खरा प्रश्न आहे. खिळ्याच्या डोक्यावर सरळ घाव घातला तर तो सागाच्या फळीतही जातो. त्याच खिळ्यास बाजूने टोला बसला की तो वाकतो. भोके पाडण्याच्या यंत्राचे असेच आहे. त्याला जोर लागतो तो वरून खाली, कण्याच्या रेषेत. त्याची धारवे, म्हणजे ज्यांना कारखान्यात बेअरिंग म्हणतात ती, मुख्यतः हा उभा दाब सोसण्याच्या बेताने बसविलेली असतात. कातकामात मात्र हत्यार लाकडाला बाजूने रेटते. लेथची धारवे या आडव्या रेट्यासाठीच भक्कम केलेली असतात आणि लाकडाच्या दुसऱ्या टोकालाही आधार दिलेला असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट चकची. पाते पकडणारी जी तीन जबड्यांची मूठ, तिची आज रूढ असलेली रचना आर्थर जेकब्स या अमेरिकन कारागिराने १९०२ साली पेटंट करून घेतली. बहुतेक यंत्रांत ही मूठ एका निमुळत्या दांड्यावर केवळ घर्षणाने घट्ट बसलेली असते. तिला आटे वा खिळा नसतो. भोक पाडताना प्रत्येक दाबासरशी ती अधिकच आत रुतते, म्हणून आयुष्यभर सुटत नाही. पण बाजूने रेटा बसून ती थरथरू लागली की हळूहळू ढिली होते आणि अखेरीस फिरत्या लाकडासकट खाली निसटते. हा अपघात होण्यापूर्वी यंत्र सूचना देतेच असे नाही. ज्यांना यंत्राचे केवळ फिरणे दिसते, त्यांस हे दिसत नाही.

मग काम करूच नये काय? आमचे उत्तर असे की, करावे. मात्र बाजूचा रेटा अगदी थोडा ठेवावा, आणि लाकडाच्या खालच्या टोकास आधार दिल्यावाचून यंत्र सुरू करू नये. या दोन अटींतून बाकीचे सर्व नियम आपोआप निघतात.

आधी माप घ्यावे. बाकावर ठेवावयाच्या सामान्य यंत्रात चक व खालचा पाट यांमधील अंतर वीत-दीड वीत असते. त्यात वरचा स्क्रू व खालचा आधार वजा जाता कामास जेमतेम १५ सेंटिमीटर उरतात. स्वयंपाकघरातील लाटणे ३० ते ३५ सेंटिमीटर लांब असते, ते येथे होणार नाही व तसा प्रयत्नही करू नये. भातुकलीचे १२ सेंटिमीटरांचे लाटणे, भोवरा, कानशीची मूठ, कपाटाची खुंटी ही या यंत्राची खरी कामे.

लाकूड पुरते वाळलेले, गाठ व चीर नसलेले घ्यावे. नवशिक्याने सागाच्या किंवा शिवणीच्या उरलेल्या तुकड्यापासून आरंभ करावा. बांधावरची बाभूळ टिकाऊ खरी, पण ती कठीण असल्यामुळे हत्यार जोराने रेटावे लागते, आणि तेच तर आपल्याला टाळावयाचे आहे. ३ सेंटिमीटर चौरस तुकडा कापून दोन्ही टोकांवर कर्ण आखावेत. ते जेथे छेदतात तो मध्य. चारी कोपरे रंध्याने उतरवून तुकडा अष्टकोनी करावा. जेवढे काम रंध्याने होईल तेवढा यंत्राचा ताण वाचतो. वरच्या मध्यात आधी बारीक भोक पाडून लाकडात शिरणारा जाड आटेदार स्क्रू घट्ट बसवावा, त्याचे डोके करवतीने कापून टाकावे आणि उरलेला दांडा चकमध्ये धरावा. खालच्या पाटाच्या मधल्या भोकात टोक केलेला बोल्ट नटांनी आवळून उभा करावा. त्याचे टोक चकच्या बरोबर मध्याखाली आले आहे की नाही, हे चकमध्ये एक टोकदार सळई धरून व टोकाला टोक भिडवून पाहावे. मग लाकूड त्या टोकावर टेकवावे, त्या जागी मेणाचा ठिपका लावावा म्हणजे ते जळणार नाही, आणि वरची सरकती नळी जागच्या जागी आवळून टाकावी. ती नळी जितकी कमी बाहेर आलेली असेल तितकी थरथर कमी.

हत्यार टेकविण्यास लोखंडी कोनाचा एक उभा तुकडा पाटावर बोल्टांनी पक्का बांधावा. तो कोणत्या बाजूस हवा, हे मुलाने स्वतः विचार करून काढले तर उत्तम. यंत्र वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. अर्थात समोर उभ्या असलेल्या माणसास लाकडाचा पुढचा भाग उजवीकडून डावीकडे जाताना दिसतो. म्हणून टेकण हत्याराच्या डावीकडे हवी. तसे केले म्हणजे लाकूड हत्याराला टेकणीवर दाबून धरते. टेकण उजवीकडे ठेवली तर हत्यार हातातून ओढले जाईल. लाकूड व टेकण यांत ३ मिलिमीटरांची फट ठेवावी, आणि कळ दाबण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते कोठे अडत नाही ना, हे पाहावे.

वेगाविषयी थोडे गणित. ३ सेंटिमीटर व्यासाचा तुकडा मिनिटास १००० फेरे घेऊ लागला की त्याची कड मिनिटास सुमारे ९४ मीटर धावते. त्याच वेगात ८ सेंटिमीटरांच्या चकतीची कड सुमारे २५१ मीटर धावते. शिवाय वेग दुप्पट केला तर तुकडा बाहेर फेकला जाण्याचा जोर चौपट होतो. म्हणून पट्टा सर्वांत मंद जोडीवर घालावा, आणि ८ सेंटिमीटरांहून मोठे काही या यंत्रावर फिरवू नये. भातुकलीचा पोळपाट एवढ्या मापात बसतो. त्याच्या मध्यातून बोल्ट आरपार घालून दोन्ही बाजूंनी चकत्या व नट आवळावेत, बोल्टाचे खालचे टोक आधारावर टेकवावे, आणि काम झाल्यावर भोकात लाकडी खुंटी ठोकून ते बुजवावे.

कापण्यास मोठ्या गोल पटाशीचा मोह धरू नये. तिने मंद वेगात लाकूड पकडले तर मोठा हिसका बसतो. खरवडणारे बोथट कोनाचे हत्यार, त्यानंतर खरबरीत कानस, मग बारीक कानस व शेवटी काचकागद, असा क्रम ठेवावा. काचकागद लावतेवेळी टेकण काढून ठेवावी, नाहीतर बोटे मध्ये सापडतात. दर पाच-दहा मिनिटांनी यंत्र थांबवून चक ढिला झाला आहे काय, ते पाहावे.

वस्तू तयार झाली म्हणजे रंगाचा विचार. सावंतवाडीच्या चितार आळीतील खेळण्यांची चकाकी पुष्कळ घरांत परिचित आहे. कातकामावर लाख चढविण्याची जुनी रीत मोठी गमतीची आहे : फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबावयाची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर पसरते. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर हेच करितात. पण लाख वितळण्याइतकी कांडी दाबणे म्हणजे पुन्हा बाजूचा रेटा आला. तेव्हा मुलाने तो नाद सोडून कच्चे जवसाचे तेल फडक्याने चोळावे व काही दिवस वाळू द्यावे. मात्र ते फडके चुरगळून पडवीत टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ज्या पडवीजवळ उसाचे पाचट रचलेले असते, तेथे ही गोष्ट किती अनर्थ करील हे सांगावयास नको. फडके पाण्यात भिजवून उघड्यावर पसरून वाळत घालावे.

अंगावरील वस्तूंविषयी आजींचा शब्द शेवटचा मानावा. उपरणे, ओढणी, लांब बाह्या, गळ्यातील साखळी, मनगटाचा गंडा, अंगठी, मोकळे केस यांपैकी काहीही यंत्राजवळ नको. हातमोजेही नकोत; फिरत्या वस्तूत ते अडकले की हात आत ओढला जातो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, नाका-तोंडावर धूळ अडविणारी पट्टी हवी. लाकडाची धूळ आपण निरुपद्रवी समजत आलो; पण कर्करोगाच्या संशोधनासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली तिचा समावेश निश्चितपणे कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांत केला. बारकी मुले त्या वेळी पडवीत नसावीत. आणि चक आवळण्याची किल्ली काढून खिशात ठेवल्याशिवाय कळेला हात लावू नये.

आता निवाडा. काकांची सूचना उदारपणाची आहे, तथापि ती आजच अमलात आणण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. हरिहर येथे १९४१ साली म्हैसूर किर्लोस्कर स्थापन होऊन देशी लेथ बनू लागले, तेव्हापासून आपल्या लोकांस हे यंत्र ठाऊक आहे. पण ते लोखंडाचे लेथ. लाकडाचा लेथ निराळा असतो, तो जागा मागतो आणि मुख्यतः सवड मागतो. हौस वर्षभर टिकली तर तो अवश्य घ्यावा. तोवर केलेले काम वाया जाणार नाही. ज्याने दुबळ्या यंत्रावर हलक्या हाताने कातण्याचा सराव केला, त्याचा हात भक्कम यंत्रावर आपोआप बेताचा राहील.

मुलास परवानगी द्यावी, आणि पहिल्या चार कामांच्या वेळी घरातील एका जाणत्या माणसाने कळेजवळ उभे राहावे. ते काम काकांनीच पत्करावे असे आम्ही सुचवितो. सुशिक्षित घरांत हल्ली मुलांस यंत्रांपासून दूर ठेवण्याकडे कल दिसतो, किंवा मग यंत्र आणून देऊन त्यांच्यावर सोडून देण्याकडे. या दोहोंत मुलगा एकटाच पडतो. सामत्याची दोरी ओढणारा जोडीदार कातारी लोकांनी उगाच ठेविला नव्हता. दोरी ओढता ओढता तोही काम शिके, आणि कातणाऱ्यावर त्याची नजर राही. वीज आल्याने दोरी ओढण्याचे कष्ट गेले. नजर ठेवणाऱ्या माणसाची गरज मात्र कायम आहे.