नायकाचा नकार

माफियापटाला शोकात्म नायक नसेल तर तो कलाकृती न राहता केवळ वृत्तांत ठरतो, हा आक्षेप वरकरणी सौंदर्यशास्त्रीय भासला, तरी वस्तुतः तो नायकपूजेचाच अवशेष आहे. फ्रांचेस्को रोझी यांच्या 'साल्वातोरे जुलियानो' (१९६२) मध्ये जुलियानो ठळकपणे दिसतो तो प्रेत म्हणून. जिवंतपणी त्याचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. ही व्यक्तिचित्रणातील उणीव नव्हे. नायक दृष्टीआड झाल्यामुळेच दरोडेखोर, माफिया, पोलीस आणि राजकारण यांचे साटेलोटे हा चित्रपटाचा खरा विषय होतो. मात्तेओ गार्रोने यांच्या 'गोमोर्रा' (२००८) मधील कामोर्रा शिवणकामाच्या कारखान्यात, विषारी कचऱ्याच्या व्यापारात आणि स्कांपियाच्या इमारतींत वावरते. 'स्कारफेस' (१९८३) मधील टोनी मोंटानाची नक्कल करणाऱ्या दोन पोरांची प्रेते तेथे अखेरीस बुलडोझरने उचलून नेली जातात. म्हणजे गुन्हेगाराची मोहक प्रतिमाच येथे बळी घेते. 'द गॉडफादर' (१९७२) एका कुटुंबाची शोकांतिका समर्थपणे रचतो, हे निर्विवाद. परंतु कोर्लिओनेंच्या धंद्याने भरडला जाणारा सामान्य माणूस तिच्यात बहुतांशी पडद्याबाहेरच राहतो. ज्या समीक्षेला या माणसाची अनुपस्थिती खटकत नाही, पण नायकाची खटकते, तिने प्रथम स्वतःच्या निकषांची चिकित्सा करावी.